ऋणशेष

काशीला माणसे मरायला येतात. ही गोष्ट इतकी जुनी आहे की ती सांगताना कोणाचा आवाज बदलत नाही.

बालाजी घाट मणिकर्णिकेच्या खालच्या अंगाला आहे. गंगा इथे उत्तरेकडे वाहते. मणिकर्णिकेवर जे पाण्यात पडते ते थोड्या वेळाने बालाजी घाटाच्या पायऱ्यांना लागून पुढे जाते. इथल्या रहिवाशाला मृत्यूची आठवण राहावी म्हणून ग्रंथ वाचावा लागत नाही. अशा शेजाराने माणूस विरक्त होत असेल, असे बाहेरच्यांना वाटते. तो फक्त सरावतो. आणि परक्याच्या मरणाचा सराव स्वतःच्या आजारात कामाला येत नाही.

घाट पेशवाईतला. आसपास पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. वरच्या गल्ल्यांत मराठी घरे. त्यांतली पुष्कळशी पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या श्राद्धपक्षावर जगली. परक्यांच्या वडिलांना मार्गाला लावण्यात त्यांचे दिवस गेले. अशा घरात एखाद्या दुपारी बायोप्सीचा कागद येतो तेव्हा घर बावचळते. धीराचे सगळे शब्द तोंडपाठ असतात. ते घरात वापरायला कोणी धजत नाही.

आजाराचे नाव घेतले जात नाही. नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत गेली; ही राहिली.

लहरतारा शहराच्या पश्चिमेला आहे. तिथले रेल्वेचे जुने कर्करोग रुग्णालय २०१८ साली टाटा मेमोरियल सेंटरकडे आले आणि होमी भाभा कर्करोग रुग्णालय झाले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात मालवीयांच्या नावाचे दुसरे केंद्र उघडले. आता पूर्वांचलातून, बिहारमधून माणसे फाइल काखेत धरून काशीला येतात. ती जगायला येतात. या शहराला तशा यात्रेकरूंची सवय नाही. रिक्षावाला अजूनही आधी घाटाचेच नाव विचारतो.

लहरताऱ्याच्या तळ्यात कबीर तान्हा सापडला, अशी श्रद्धा आहे. तोच कबीर म्हातारपणी काशी सोडून मगहरला गेला. काशीत मेल्याने मोक्ष मिळतो, हा फायदा त्याला नको होता. फुकटची मुक्ती नाकारणाऱ्याच्या गावठाणात मरण लांबवण्याचे रुग्णालय उभे राहावे, हा योगायोग आहे. काशीत मात्र कोणताही योगायोग फार दिवस बिनअर्थाचा राहू शकत नाही.

गोदौलियाजवळ काशी लाभ मुक्ती भवन आहे. तिथे मरणोन्मुख माणसाला साधारण दोन आठवडे राहता येते. तेवढ्यात मरण आले नाही तर बहुधा घरी परतावे लागते. केमोची एक सायकल बहुतेक वेळा तीन आठवड्यांची असते. मरणाला दोन आठवडे आणि जगण्याला एका वेळी तीन. जगण्याची मुदत थोडी जास्त आहे; पण तीही मुदतच.

लहरताऱ्याला टाटांचे रुग्णालय होण्यापूर्वी काशीचा रुग्ण परळ गाठत असे. महानगरी आणि कामायनी या गाड्या दोन्ही दिशांना भरून जात. मुंबईकडून अस्थींचे कलश येत. काशीकडून बायोप्सीचे मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या जात. दोन्ही पिशव्या वाहणारी माणसे एकाच रीतीने बसत. पिशवी खाली ठेवत नसत.

घाटावर मुंडन केलेले डोके म्हणजे सुतक. केमोने केस गेलेला माणूस पायऱ्यांवर येऊन बसला तर त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. त्याचे कोणीतरी गेले आहे, असे धरून चालतात. एखादा नावाडी हळहळतोही. जिवंत राहण्यासाठी केस गेले असतील, ही शक्यता कोणाच्या मनात येत नाही. दुःखाचे काही ठरलेले वेष असतात. त्या वेषात वेगळे दुःख निर्धास्त हिंडू शकते. हा काशीने रुग्णावर केलेला एक उपकारच म्हणायचा.

स्त्रीच्या वाट्याला तेवढाही आडोसा येत नाही. तिचे बोडके डोके या गल्ल्यांना फार वेगळ्या अर्थाने आठवते. तिला पदर घ्यावा लागतो.

देवघरात गंगाजल असते. या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या प्राशन केले जाते. पांढऱ्या पेशी उतरल्या की डॉक्टर कच्चे पाणी, कच्ची फळे, गर्दी आणि नदीतले स्नान वर्ज्य सांगतात. पंचगंगेवर कार्तिकस्नान चालू असते आणि घरात पाणी उकळून गार केले जाते. सासूबाई काही बोलत नाहीत. गंगाजलाचा गडू त्या स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवतात. श्रद्धेवर व्याख्याने पुष्कळ होतात. तो गडू उचलताना त्यांना काय सोडावे लागले, ते कोणत्याही व्याख्यानात येत नाही.

मग घर एक नवे गणित शिकते. ताप १००.४ झाला की रात्र असो वा पाऊस, रुग्णालय गाठायचे. दशांश चिन्हाशी ज्यांचा शाळेनंतर संबंध आला नाही, त्या बायका रात्री दोन वाजता थर्मामीटर दिव्याखाली धरून दशांश वाचतात. प्रेमाची परीक्षा मोठ्या प्रसंगांत होते, असे समजले जाते. ती बहुधा दशांशात होते.

अन्नाला लोखंडाची चव येते. चाळीस वर्षे ज्या हाताच्या आमटीची घरादाराने स्तुती केली, त्या हाताला सांगितले जाते की आमटी गंजलेली लागते. ती बाई वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी मऊ भात येतो, तूप कमी, मीठ निराळे, मेतकूट बाजूला. तिसऱ्या दिवशी तेही बदललेले असते. ज्याला चवीचा अभिमान आहे त्याने चव सोडून केवळ अन्न शिजवणे, हा त्याग कोणत्याही पोथीत नोंदलेला नाही.

बालाजी घाटाला लागूनच मंगलागौरीचे देऊळ आहे. श्रावणातल्या मंगळवारी नव्या सुना मंगळागौर पुजतात. पाच वर्षे. मागणे एकच, नवऱ्याला आयुष्य मिळो. सावित्रीचे व्रतही त्यासाठीच, हरतालिकेचे मागणेही त्याच्याच आसपास. बायकोच्या आयुष्यासाठी व्रत करणारा नवरा सहसा पाहण्यात येत नाही. बायको आजारी पडते तेव्हा नवऱ्याला विधीचा आधार नसतो. त्याने काय करावे हे कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून तो औषधाच्या गोळ्या मोजतो, पावत्या तारखेवार लावतो, पुन्हा गोळ्या मोजतो. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्यामागे लवकरच, १९३२ साली, दोराबजीही गेले. परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्याच्या मुळाशी एका श्रीमंत नवऱ्याची हतबलता होती. गरीब नवऱ्याच्या हतबलतेतून रुग्णालय उभे राहत नाही. तिच्यातून गोळ्यांची एक नीट लावलेली डबी निघते. दोन्ही एकाच जातीच्या वस्तू आहेत.

रुग्णाला खाट मिळते. सोबत्याला बाक मिळतो, तोही असला तर. गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना निवारा देते. आजारी माणसाबरोबर एक धडधाकट माणूसही येतो आणि त्यालाही रात्र काढायची असते, हे ज्याला न सांगता कळते, तो फार थोड्यांपैकी एक असतो.

वर्तमानपत्रे झुंज म्हणतात. रुग्ण झुंजत नसतो. तो पडून असतो. शिरेतून औषध जाते आणि तो छताकडे पाहतो. धावपळ दुसरेच करतात. कोणी रक्तदाते गोळा करतो, कोणी शिक्क्यासाठी तीन खिडक्या फिरतो, कोणी गावाकडची जमीन गहाण टाकून येतो आणि त्याबद्दल बोलत नाही. शेवटी शौर्य रुग्णाच्या नावावर जमा होते. जो कमी हलला त्याचा सत्कार होतो. रुग्णालाही हे ठाऊक असते. म्हणून खरा बरा झालेला माणूस सत्काराच्या खुर्चीत नीट बसू शकत नाही.

भेटायला येणारा दोन उदाहरणे घेऊन येतो. पहिले शरद पवारांचे: २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरचे अखंड राजकारण. दुसरे स्वतःच्या मेहुण्याचे. मेहुण्याची गोष्ट सांगता सांगता अर्ध्यावर त्याच्या ध्यानात येते की मेहुणा वाचला नव्हता. मग तो चहा मागतो. सांत्वन करणाऱ्याला बहुधा स्वतःचेच सांत्वन हवे असते. रुग्ण ते देतो. आजारपणातले हे एक काम आहे, आणि सोपे नाही.

रुग्ण परक्याशी नम्र असतो. नर्सला थँक्यू म्हणतो, वॉर्डबॉयचे नाव लक्षात ठेवतो. ताट ढकलले जाते ते बायकोसमोर. ज्याने सर्वांत जास्त केले त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त चिडचिड येते. याला कृतघ्नता म्हणणे सोपे आहे. पण माणूस भीती तिथेच उघडी करतो, जिथून त्याला हाकलले जाणार नाही याची खात्री असते. ती खात्री हीच त्याची कृतज्ञता असावी. ती फार कुरूप दिसते, एवढेच.

बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ रियाज करीत. वर्षानुवर्षे. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि देश आनंदला. देशाने मैफिली ऐकल्या होत्या. या घाटाने एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकला होता, तो बसेपर्यंत, आणि बसल्यावरही. यशाला साक्षीदार पुष्कळ मिळतात. पुनरुक्तीचे साक्षीदार आसपासचेच असतात. उपचारही सारी पुनरुक्ती असते. तीच खोली, तीच शीर, तेच मळमळणे, तीच पिशवी भरणे. रिपोर्ट चांगला आल्याचे गावाला कळते. पिशवी कितीदा भरली हे ती भरणाऱ्याला माहीत असते, आणि तोही मोजत नाही.

२०१२ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत बालाजी घाट घातला. जुन्या बांधकामाची डागडुजी करणारे एक नियम पाळतात. भेग चुन्याने भरायची, सिमेंटने नाही. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कठीण असते. ते भेग बुजवते आणि शेजारचा दगड फोडते. चुना दगडाबरोबर किंचित हलतो. ओल आत धरत नाही, बाहेर जाऊ देतो. आजारी माणसाला सावरणाऱ्यांतही हे दोन प्रकार आढळतात. काही माणसे इतक्या जोराने आधार देतात की आजाऱ्याला रडायलाही फट उरत नाही. सकारात्मक राहायचे, असे ती बजावतात. काही माणसे नुसती जवळ असतात. रुग्ण म्हणाला, मी मरेन का, तर ती नाही म्हणत नाहीत आणि होही म्हणत नाहीत. उठून खिडकी लावतात, पुन्हा येऊन बसतात. अशा एका माणसाच्या जोरावर एखादे घर उभे राहिलेले असते. या ओळी लिहिणाऱ्याने असे घर पाहिले आहे. अधिक सांगण्याची त्या माणसाची परवानगी मिळणार नाही.

मग एक दिवस रिपोर्ट चांगला येतो. डॉक्टर बरे झालात असे म्हणत नाहीत. रिपोर्ट चांगला आहे, एवढेच म्हणतात, आणि पुढची तारीख देतात. घरात पेढे आणावे की न आणावे, यावर एकमत होत नाही. त्याच आठवड्यात घरातले दुसरे कोणीतरी आजारी पडते. कंबर धरते, दात दुखतो, रक्तदाब वाढल्याचे कळते. इतके दिवस त्यांना आजारी पडायला जागा नव्हती. रुग्णाने ती रिकामी केली.

सुश्रुताचा गुरू काशीचा राजा दिवोदास. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन आहे आणि इशाराही आहे. शेष उरला तर ते पुन्हा वाढते आणि आगीसारखे मारते. शस्त्रे बदलली, औषधे बदलली, यंत्रे आली. शेषाची भीती तेवढीच राहिली. पहिली दोन वर्षे दर काही महिन्यांनी तपासणी होते. पुढे अंतर वाढते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात घर हळू आवाजात बोलते. रांगेतले काही ओळखीचे चेहरे दिसेनासे होतात. ते कुठे गेले, हे कोणी कोणाला विचारत नाही. वाचलेल्या माणसाला त्या न विचारण्याची लाज वाटत राहते. उपचार यशस्वी झाले, या वाक्यात ती लाज धरलेली नसते.

माणूस जन्मतःच ऋणी असतो, असे शास्त्र सांगते. देवांचा, ऋषींचा, पितरांचा. यज्ञाने, अध्ययनाने आणि संततीने ही ऋणे फिटतात. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण सांगितले आहे: माणसांचे. आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचे. पहिल्या तीन ऋणांचा पुष्कळ बोलबाला झाला. पितृपक्षात पंचगंगेवर पाय ठेवायला जागा नसते. चौथ्याचा विधी नाही, तिथी नाही, त्याला भटजी लागत नाही. ज्या कर्माला दक्षिणा नसते ते स्मरणातून लवकर जाते. गेलेल्या बापासाठी गयेपर्यंत जाणारा माणूस, रात्रभर बाकावर बसलेल्या भावाला सकाळी चहा विचारायचा विसरतो. यात त्याचा दोष थोडाच आहे. पितरांचे त्याला शिकवले गेले आहे. भावाचे कोणी शिकवले नाही.

मराठी वर्तमानपत्रांत आभाराच्या चौकटी येतात. दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे ऋणी आहोत, अशा. त्या तेराव्यानंतर येतात. वाचलेल्या माणसाने घरच्यांचे आभार मानण्याची चौकट कोणी छापत नाही. घरच्यांचे कसले आभार, असे म्हटले जाते. या वाक्यात माया आहे आणि थोडी सोयही आहे.

बरा झालेला माणूस म्हणून काही निराळे करू पाहतो. बायकोला पाटल्या करतो. भावाच्या मुलाची फी भरतो. बहिणीला विमानाचे तिकीट पाठवतो. देण्यात आनंद असतोच, पण बारकाईने पाहिले तर त्यात घाईही असते. कोणाचे ओझे राहू नये, ही ती घाई. ऋण, आग आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये, असे नीतिवचन आहे. रोगालाही ते लागू पडते. घरच्या माणसांच्या ऋणाला ते लावले की घराचे दुकान होते. हिशेब पुरा झालेल्या दोन माणसांना एकमेकांकडे जाण्याचे कारण उरत नाही. पाटल्या पेटीत जातात. ज्या बाईने दशांश वाचले तिला पाटल्यांपेक्षा, ताट न ढकलले गेलेले जास्त आवडले असते. आणि तेही ती म्हणणार नाही.

ऋण शिल्लक राहते तेव्हा त्याच्याबरोबर राहायला शिकावे लागते. हे शिकणे आजारापेक्षा लांबते. ज्याने दुसऱ्याला आंघोळ घातली आणि ज्याला घातली गेली, ती दोन माणसे पुन्हा पहिल्यासारखी भांडू शकली, म्हणजे घर बरे झाले असे समजावे. त्याआधी फक्त रुग्ण बरा झालेला असतो. काही घरांत हे भांडण कित्येक महिने येत नाही. सगळे एकमेकांशी जपून बोलतात. मग कधीतरी मिठावरून, पंख्यावरून, किंवा दार उघडे कोणी टाकले यावरून आवाज चढतो. शेजारी कान देतात. त्यांना ते भांडण वाटते.

काशीत मरणाची व्यवस्था चोख आहे. लाकूड कुठे मिळते, मंत्र कोण म्हणते, अस्थी कुठे सोडायच्या, सगळे विचारण्याआधी सांगितले जाते. जगणाऱ्याच्या सोबतीची तशी व्यवस्था अजून बसलेली नाही. ती प्रत्येक घराला नव्याने बसवावी लागते, आणि बसेपर्यंत एक माणूस झिजतो.

म्हणून रुग्णासाठी काही करावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी फळे नेऊ नयेत. ती बहुधा वर्ज्यच असतात. उदाहरणेही नेऊ नयेत. सोबतच्या माणसाला एक रात्र घरी झोपायला पाठवावे आणि तेवढी रात्र बाकावर आपण बसावे. उशी घरून न्यावी. तिथे मिळत नाही.